विरोध करणारा बाप

बाइंडरच्या थोरलीनं शिष्यवृत्तीच्या अर्जाचा निबंध सहा वेळा लिहिला आणि सहाही वेळा तो खरा झाला. वडिलांचं बाइंडिंगचं दुकान, आईचं शिवणकाम, शाळेपासून पहिला नंबर, आता पाणी शुद्ध करण्याचं पुढचं शिक्षण परदेशात घ्यायचंय. एवढंच. शिष्यवृत्ती वर्षाला दोघांनाच मिळायची. मिळाली तर जायचं, नाहीतर शिकवण्या घेत बसायचं. तिसरा रस्ता नव्हता.

गेल्या साली निवड झालेल्या मैत्रिणीनं निबंध वाचून नाक मुरडलं. "अगं, यात रडण्यासारखं काहीच नाही! काहीतरी संघर्ष घाल की."

आता संघर्ष आणायचा कुठून? बापानं कधी आवाज चढवला नाही, दारूच्या थेंबाला शिवला नाही. पण या बयेला घाई झालेली. सातव्या खेपेला तिनं ठोकून दिलं, की वडिलांचा माझ्या शिक्षणाला विरोध होता, बारावीला त्यांनी माझी पुस्तकं माळ्यावर टाकली आणि मी ती चोरून वाचली. अहो, त्याच पुस्तकांना बापानं एकेक करून कापडी पाठ लावून दिली होती! लिहिताना तिचा हात जरासुद्धा अडखळला नाही, हे तिला पुढे फार लागलं.

अर्जाच्या तीन बांधलेल्या प्रती हव्या होत्या. त्या वडिलांकडेच टाकल्या. भीती कसली? "वाचत बसलो तर बांधणार कधी?" असं ते गिऱ्हाइकांना नेहमी हसून सांगायचे, आणि खरंच कुणाचं काही वाचायचे नाहीत.

शेवटच्या दिवशी दुपारी साडेतीनला ती प्रती घ्यायला दुकानात गेली. चारला शिष्यवृत्तीच्या कचेरीची खिडकी बंद होणार होती.

"निबंधाच्या पानांवर नंबर घालायचे राहिले होते तुझे," वडील खळीचे हात पुसत म्हणाले. "पंख्यानं गठ्ठा उडाला सगळा. मग लावून घेतली पानं."

लहानपणापासून याच दुकानात बसून तिनं पाहिलं होतं, नंबर नसले की पानं कशी लावतात ते. एका पानाची शेवटची ओळ वाचायची, तिला जुळणारी पहिली ओळ शोधायची. नाही जुळली तर अख्खं पान वाचायचं. आणि इथं तीन प्रती होत्या.

वडील पुठ्ठ्यावरची नसलेली धूळ झटकत राहिले. मग म्हणाले, "दोन दिवस आठवतोय मी. पुस्तकं माळ्यावर टाकल्याचं काही आठवत नाही बघ. पण तुझा गणिताचा पेपर अवघड गेला होता, तेव्हा मी म्हणालो होतो, जाऊ दे, नाही जमलं तर नाही. ते तुला लागलं असेल. तू लिहिलंयस म्हणजे काहीतरी केलंच असणार मी. चुकलं माझं."

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं. बाबा, मी खोटं लिहिलं, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं की निबंध काढावा लागणार, आणि घड्याळात पावणेचार होत आले होते.

"बाबा, उशीर होतोय," ती म्हणाली.

"हो हो, पळ!" त्यांनीच घाईघाईनं प्रती कागदात गुंडाळून दिल्या.

खिडकीतल्या कारकुनानं एक प्रत उघडून मिटली, पुन्हा उघडली. "वा! काय हात आहे हो! हल्ली असं काम बघायला मिळत नाही. कुणी केलं?"

माझ्या वडिलांनी, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. पण त्याच प्रतीत, तिसऱ्या पानावर, वडील काय आहेत ते तिनं लिहून ठेवलं होतं. विरोध करणारा बाप आणि मुलीचा अर्ज असा जीव ओतून बांधणारा बाप, दोन्ही एकच माणूस आहे असं कसं सांगणार?

"आहे एक दुकान," ती म्हणाली.

"पत्ता द्या की. आमची जुनी दप्तरं बांधायचीत, वर्षभराचं काम आहे. चांगला माणूस शोधतोच आहोत आम्ही."

मागे रांगेत कुणीतरी घसा खाकरला. कारकून पेन उघडून तिच्याकडे बघत होता.

"पत्ता नाही माहीत," ती म्हणाली.