मोंबासात उकडलेली अंडी

मुलुंडची नणंद आमच्या दिंडोशीच्या घरी आली आणि तिने युरोपचे फोटो टीव्हीवर लावून दाखवले. ती जाऊन रिक्षात बसते न बसते तोच नवरा म्हणाला, "आपण आफ्रिकेला जायचं. मोंबासा. समुद्राकाठचं फाइव्ह स्टार. एकदाच जायचं, पण लक्झरीत!"

निवृत्त झाल्यापासून हा माणूस भातावर तूपही विचार करून घेत होता. मला खरंच आनंद झाला.

लक्झरी आठवडाभर टिकली. मग बजेट सुरू झालं. समुद्र दिसणाऱ्या खोलीला जास्त पैसे पडतात, म्हणून बागेकडची खोली. "समुद्र बघायला खाली जाता येतं की." हॉटेलची गाडी रद्द. दोन्ही वेळचं जेवण कापलं, उरला नुसता नाश्ता. नातेवाइकांना मात्र 'लक्झरी ट्रिप' म्हणूनच कळवलं. पीतज्वराची लस तेवढी कापता येईना, त्याचं त्याला फार वाईट वाटलं. "पैसेही आपणच द्यायचे आणि टोचूनही आपणच घ्यायचं!"

मोंबासाची बाग म्हणजे खिडकीसमोर एक केळ आणि हॉटेलच्या स्वयंपाकघराची मागची भिंत. पहिल्या सकाळी नाश्त्याला तो पुटपुटला, "संध्याकाळपर्यंतचं खाऊन घे." वर उकडलेली अंडी रुमालात गुंडाळून माझ्या पर्समध्ये सरकवली. वाढणाऱ्या मुलीने ते पाहिलं. अगदी अदबीने कागदी पिशवी आणून ती इंग्रजीत म्हणाली, "यात ठेवा मॅडम, पर्स खराब होईल."

माझे कान तापले. नवऱ्याने तिला थँक्यू म्हटलं आणि पिशवीत केकचे दोन तुकडेही टाकले.

दुपारी मी एकटीच वाळूवरच्या छत्रीखाली जाऊन बसले. नारळाच्या रसातला मासा मागवला आणि खोलीचा नंबर घालून बिलावर सही ठोकली. मासा आला. थोडा आंबट, थोडा तिखट, आई मालवणला करायची त्याच्या जवळपासचा. पहिल्याच घासाला डोळे मिटले.

उघडले तेव्हा समोर नवरा उभा. "वेडी झालीस का गं? हे तर घरचंच कालवण! याला एवढे पैसे?"

"मग तुम्ही अंडी खा."

तो खरोखर बसला आणि अंडं सोलू लागला. मीठ नव्हतं. दुसरं अंडं घशात अडकलं तसा माझी ताटली ओढून म्हणाला, "चव बघतो." चव बघता बघता काटे उरले. मी दुसरी ताटली मागवली. बिल आलं तेव्हा तो समुद्राकडे तोंड करून बसला. उरलेले सगळे दिवस आम्ही तिथेच जेवलो. बजेटची पार वाट लागली.

परत आल्यावर बिल्डिंगखाली मित्रांना सांगत होता, "मी हिला म्हटलं, पैशाकडे बघू नकोस, हवं ते मागव."

मी भाजीची पिशवी घेऊन बाजूने वर गेले. यंदा बालीचं चाललंय. सगळं बुकिंग मी माझ्या फोनवरून केलं, त्याचं कार्ड लावून.