वॉलॉंगॉंगचं बारसं

सिडनीच्या विमानतळावर माझे हरभरे जप्त झाले आणि रागाची सुरुवात तिथून झाली. दोन किलो, निवडून, पुसून, पांढऱ्या पिशवीत बांधलेले. बारशाच्या घुगऱ्यांसाठी पुण्याहून आणलेले. फॉर्मवर प्रामाणिकपणे लिहिलं होतं म्हणून दंड झाला नाही, एवढंच. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने विचारलं, "हे कशासाठी?" म्हटलं, "भाचीचं नाव ठेवायचंय." त्याने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "नो वरीज" (काही हरकत नाही) म्हणाला आणि पिशवी पिंपात टाकली. त्याची कशाला हरकत असेल? घुगऱ्या माझ्या होत्या.

बाहेर माझा धाकटा भाऊ अभिजित उभा होता. तो वॉलॉंगॉंगला पोलादाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला अजून अभ्याच म्हणते. त्याला आणि रश्मीला दोन महिन्यांपूर्वी मुलगी झाली. माझी परीक्षांची कामं संपेपर्यंत त्यांनी बारसं थांबवून धरलं होतं, कारण नाव आत्याने ठेवायचं असतं आणि आत्या एकुलती एक, मी.

दीड तासाच्या रस्त्यात अभ्या कौतुकाने एकेक दाखवत होता. डोंगराचा कडा उतरलो आणि एकदम समुद्र समोर आला, खाली लाल कौलांची घरं, दूर पोर्ट केम्बलाची धुराडी. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पण मी तीस वर्षं कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवते आणि पाट्या वाचायची मला खोड आहे. सिडनी हा कोणी लॉर्ड. मेलबर्न हा दुसरा लॉर्ड. ॲडलेड ही राणी. आयत्या बिळात नागोबा, आणि वर बिळाला नागोबाचं नाव. "वॉलॉंगॉंग तरी इथल्या मूळ लोकांचा शब्द आहे," अभ्या म्हणाला. मी म्हटलं, "उपकारच झाले."

माझा वर्गात सगळ्यात गाजणारा तासच हा आहे: राजांनी स्वतःच्या नावाने वसवलेली ग्रीक शहरं. अलेक्झांडरने जिथे जाईल तिथे अलेक्झांड्रिया ठोकली. सेल्युकसने स्वतःच्या नावाची सेल्युकिया केली, बापाच्या नावाची अँटिओक, आईच्या नावाची लाओडिकिया, बायकोच्या नावाची अपामिया. जमीन लोकांची, पाट्या घरच्यांच्या. इजिप्तमधली अलेक्झांड्रिया उभी राहिली तिथे आधीपासून राकोटे नावाचं कोळ्यांचं गाव होतं. राजाने नाव बदललं, पण तिथली माणसं पुढे शेकडो वर्षं राकोटेच म्हणत राहिली. हे सांगताना माझा आवाज चढतो, मुलं हसतात. का चढतो ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

घरी पोचलो. रश्मीने वरण-भात, लिंबाचं लोणचं आणि इथल्या भोपळ्याची भाजी केली होती. बाळ माझ्या मांडीवर आलं, माझं बोट धरलं आणि झोपून गेलं. ते बोट सोडवून घेववेना, म्हणून मी जेवण थांबवलं आणि डाव्या हाताने नुसतं पाणी प्यायले. आणि अभ्याने फ्रिजवरचा कागद काढून माझ्यासमोर धरला. जन्माचा दाखला.

"सरप्राइज. नोंदणीची मुदत संपत आली होती, म्हणून टाकलं. तुला आवडणारच, ताई. आईचं नाव ठेवलंय."

कागदावर लिहिलं होतं, वासंती.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

आता हे नीट सांगायला हवं. आमच्या वडिलांचं, अण्णांचं, नाव वसंत. बंगला बांधला, त्याचं नाव वसंत-विहार. गिरणी काढली, वसंत पिठाची गिरणी. आणि लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं, वासंती. अण्णांनी वसवलेलं शहर. त्याआधी एकोणीस वर्षं आईचं नाव मथुरा होतं. अण्णांना ते गावठी वाटलं. माहेरचे सोडून त्या नावाने तिला कोणी हाक मारली नाही, आणि माहेरचे एकेक करून गेले.

आई शेवटी दवाखान्यात होती तेव्हा नर्स "वासंतीबाई, वासंतीबाई" करून दमायची, आई छताकडे बघत राहायची. एके दिवशी तिची शाळेतली मैत्रीण काठी टेकत आली आणि दारातूनच म्हणाली, "काय गं मथे?" आईने मान वर केली. नुसती मान नाही, उशीला टेकून उठून बसली. त्या संध्याकाळी मला म्हणाली, "अभ्याला मुलगी झाली तर मथुरा ठेव. आत्याचा मान तुझा आहे." मी हो म्हटलं होतं.

"हे आईचं नाव नाही," मी म्हटलं. "हे अण्णांचं नाव आहे."

"म्हणजे?"

मी सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडले. बाळ दचकून रडायला लागलं आणि रश्मी त्याला घेऊन आत गेली.

"मथुरा?" अभ्या म्हणाला. "ताई, आजकाल कोण ठेवतं मथुरा? आणि आता पेपर्स झालेत."

"मला विचारायचं होतंस."

"नाव आधी विचारलं तर तूच म्हणायचीस, बारशाला कळेल, गुपित असतं."

ते खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी मी घरात थांबलेच नाही. हरभरे आणायला हवेतच म्हणून एकटीच ट्रेनने निघाले, आधी सिडनी आणि तिथून वेंटवर्थव्हिल. तिथे आपल्या किराण्याची दुकानं रांगेने आहेत. हे गावही कुठल्याशा वेंटवर्थ घराण्याचंच. गाडी समुद्राला चिकटून जाते. एका बाजूला कडा, एका बाजूला लाटा, मध्ये बोगदे. मी खिडकीशी बसून स्टेशनांच्या पाट्यांना मनातल्या मनात शिव्या देत होते.

समोर एक म्हातारे गृहस्थ पिशवीभर घरची लिंबं घेऊन बसले होते. त्यांनी मला दोन दिली. कुठले म्हणून विचारलं तर म्हणाले, "थेसलोनिकी. राणीच्या नावाचं शहर." माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. मी म्हटलं, राणीचं कसलं? फिलिप राजाने थेसली जिंकली, त्या आनंदात मुलीचं नाव थेसलोनिकी ठेवलं. मग कसांडर राजाने तिच्याशी लग्न केलं आणि शहराला तिचं नाव दिलं. आजूबाजूची गावं उठवून माणसं तिथे आणली. नाव बाईचं दिसतं, पण विजय बापाचा आणि शहर नवऱ्याचं. तिला कोणी विचारलंय?

माझा आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या बाईने पुस्तकातून मान वर केली. गृहस्थांना मात्र काही वाटलं नाही.

"मला तीन नातू आहेत," ते म्हणाले. "तिघेही अलेक्झांडर. आमच्यात आजोबाचं नाव नातवाला. तीन मुलगे, तिघांनी माझंच नाव ठेवलं. मला केवढा अभिमान. आणि माझी बायको तिघांना तीन वेगळ्याच नावांनी हाका मारते. मी अलेक्झांडर म्हणून ओरडतो तेव्हा एकही येत नाही. ती ज्याला हाक मारते तो बरोबर येतो."

"तुम्हाला राग नाही येत?"

"येतो की," ते म्हणाले आणि उतरायला उठले.

वेंटवर्थव्हिलच्या दुकानात गुजराती मालक हिंदीत म्हणाला, "दीदी, देसी चना आज आर्व्हो (दुपारी) आएगा." मी दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले, कचोरी खाल्ली, तीही गोड निघाली. हरभरे आले तेव्हा चार वाजले होते. परतीच्या सगळ्या प्रवासात पिशवी मांडीवर घेऊन मी एकाच गोष्टीचा विचार केला. उद्या सगळ्यांसमोर कोणतं नाव घ्यायचं?

बारशाला अभ्याचे मित्र जमले. पुण्या-मुंबईचे आयटीतले, युनीत (विद्यापीठात) शिकवणारे, एक डॉक्टरीण. त्यांची मुलं बागेत इंग्रजीत भांडत होती. भाड्याने आणलेल्या पाळण्याला रश्मीने आईची जुनी साडी बांधली होती. मी पाळण्याशी वाकले. अभ्या समोर उभा होता, त्याचा चेहरा पडलेला. तमाशा करू नकोस, असं तो डोळ्यांनी सांगत होता.

मी बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्र केलं आणि हळूच म्हटलं, मथुरा. तीन वेळा. मग ताठ झाले आणि मोठ्याने कागदावरचं नाव सांगितलं, "वासंती." रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यात जोरात रश्मीचा बसला. ती पाळण्याची दोरी धरून माझ्या शेजारीच होती. तिने ऐकलं होतं.

निघायच्या दिवशी विमानतळावर अभ्याने बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, "कानात काय म्हणालीस ते रश्मीने सांगितलं."

"मग?"

"मग काही नाही. मला एकच सांग. आईचं माहेरचं नाव मला माहीत नाही, हे तुला माहीत होतं. अण्णांनी ते पुसलं, मान्य. पण दवाखान्यातल्या त्या संध्याकाळनंतर चार वर्षं झाली. रोज आपण फोनवर बोलतो. तू का लपवलंस?"

मी म्हटलं, "बारशाला सांगणार होते. माझा मान होता."

"तुझा मान," तो म्हणाला. "माझी पण आई होती, ताई." आणि पाया पडून गाडीकडे गेला. वळून पाहिलं नाही.

विमानात मी बारा तास स्वतःवर चिडून बसले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुठीत ठेवलेल्या नावालाही मालक होतोच, तो मी झाले होते. अण्णांनी आईला आपलं नाव दिलं, मी तिचं नाव स्वतःपाशी ठेवून घेतलं. अभ्याला मिळालं ते उरलेलं, आणि त्याने तेच प्रेमाने कागदावर लिहिलं. उतरल्यावर मी त्याला मेसेज केला, चुकले. त्याचं उत्तर आलं नाही. रोजचे फोन बंद झाले.

तीन महिन्यांनी, मी घरून कॉलेजला निघायच्या तयारीत असताना, त्याचा एक व्हिडिओ आला. सोबत एक शब्द नाही. बाळ आता पाच महिन्यांचं, सतरंजीवर पालथं पडलेलं, खेळण्यात गुंग. अभ्याचा आवाज येतो, "वासंती." बाळ खेळणं चावत राहतं. पुन्हा, "वासंती." काही नाही. मग घसा खाकरून तो म्हणतो, "काय गं मथे?"

बाळाने मान वर केली.

मी दिवाणखान्यात गेले, अण्णांच्या हार घातलेल्या फोटोसमोर फोन धरला आणि तो व्हिडिओ त्यांना पूर्ण दाखवला. दोनदा.