ठकुबाईचा धनी

पासलीच्या वरच्या आळीत ठकुबाई एकटीच राहायची. तिचा नवरा रायबा तोरण्याच्या कड्यावर गवत कापताना पाय घसरून मेला. त्याच वर्षी वेल्ह्याच्या बाजारात शुभवर्तमान सांगणाऱ्या अंबूबाईजवळ ती रडत बसली, आणि पुढं तिनं बाप्तिस्मा घेतला. गावानं नाकं मुरडली, पण तिला अडवलं नाही. विधवा बाई, देवाच्या नावानं बसलीय, बसू दे.

लेक भामा कामथडीला दिलेली. चोपन्न साली तिला पहिल्यांदा दिवस गेले. पहिलटकरणीनं माहेरी यायचं ही आमच्या डोंगराची रीत. ठकुबाईनं हळीव, डिंक जमवला, छपरावर नवं गवत घातलं आणि लेकीच्या वाटेकडं डोळे लावले.

पाणवठ्यावर शेजारच्या सखूबाईनं विचारलं, "एकलीला भ्या न्हाई वाटत, ठकुबाई?"

"कशाचं भ्या? माजा धनी हाय की घरात. रातचं जाग आली तर त्येच्यासंगं बोलत बसती."

अंबूबाई प्रार्थनेत प्रभूला धनी म्हणायची, तोच शब्द हिच्या तोंडी बसला होता. आमच्याकडं धनी म्हणजे नवरा, दुसरं काही नाही. सखूबाईची घागर भरून वाहायला लागली तरी तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी, घरात पुरुष ठेवला म्हणून, ठकुबाईला चावडीपुढं उभं केलं. गावचा कारभारी कुंडलिक म्हणाला, "नाव सांग त्या धन्याचं."

धन्याचं नाव बाई घेत नाही. ठकुबाईनं मान वर करून घेतलं. "येशू."

"कुन्या गावचा म्हनायचा?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सारी चावडी खदखदली.

"हसा. त्येलाबी असंच हसले व्हते. तोंडावर थुकले व्हते."

"मग घे तुजा वाटा," म्हणून सखूबाईचा दीर पुढं झाला आणि तिच्या तोंडावर थुंकला. तिनं पदरानं तोंड पुसलं. हसणं थांबलं नाही.

ही गोष्ट कामथडीला तिच्याआधी पोचली. लेकीला आणायला ती चालत तिथं गेली, तेव्हा व्याही गेनबा उंबऱ्यात आडवा उभा होता.

"आमची सून तुमच्या घरात बाळंत व्हायची न्हाई."

"मग मला हितं ऱ्हाऊ द्या, दाजी. गोठ्यात पडून ऱ्हाईन."

"गोठा ढोरांचा हाय."

आतून भामाचा आवाज आला, "आये, न्हे गं मला!" गेनबानं दार ओढून घेतलं.

घरी येऊन ठकुबाईनं देवाशी भांडण मांडलं. "तुला धनी म्हनलं, येवढाच माजा गुन्हा. त्यापायी लेक अडकली. आता तू बोल." ती रोज भांडायची आणि रोज त्याच्याच पुढं बसायची. दुसऱ्या कुणापुढं नाही.

भामा बाळंतपणात गेली. जाळूनही झाली, तरी आईला कुणी कळवलं नाही. बाजारच्या दिवशी विहीण चंद्राबाई एसटीतून वेल्ह्याला उतरली आणि रिकामी पाटी परत करावी तशी तान्ही पोर तिथं आलेल्या ठकुबाईच्या हातात दिली.

"पोरगी हाय. आमाला नगं. तुमची लेक गेली, ही घ्या."

चंद्राबाई त्याच गाडीनं माघारी गेली. ठकुबाई भर बाजारात मातीत बसली. अंबूबाई धावत आली, आणि तिला धीर द्यावा म्हणून म्हणाली, "बायबलातल्या ईयोबाचं असंच सगळं गेलं व्हतं, बाई. देवानं त्याला लेकरं परत दिली. तशी तुलाबी दिली बघ."

"परत न्हाई दिली," ठकुबाई म्हणाली. "माजी भामा गेली. ही दुसरी हाय."

"असं बोलू नगंस. देवावर भरवसा न्हाई का ऱ्हायला?"

"हाय. म्हनून तर त्येच्या नावावर खोटं बोलू देत न्हाई."

बाजाराला आलेल्या एका धनगर बाईनं वाटीत शेळीचं दूध आणून दिलं. अंबूबाईनं प्रार्थनेला हात जोडले. ठकुबाईनं कापसाचा बोळा दुधात बुडवला आणि पोरीच्या ओठाला लावला.

"तू कर सुरू," ती म्हणाली. "माजं मागनं उशिरा पोचलं तरी चालंल. हिला आत्ता भूक लागलीया."