कातरलेला कोपरा

सरकारी दवाखान्याच्या खिडकीत बसून गोळ्या देणाऱ्या बाईला सगळं गाव मावशी म्हणायचं. मावशीची एक खोड होती. औषधांचं खोकं आलं रे आलं की ती आपल्या शिंपी नवऱ्याची दातेरी कात्री काढायची आणि गोळ्यांच्या प्रत्येक पट्टीचा कोपरा कातरायची. सकाळच्या गोळ्यांचा एक कोपरा, रात्रीच्या गोळ्यांचे दोन. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी करायचं काय, सांगा बघू? डॉक्टर हसायचे. हसेनात का! म्हातारी माणसं कडेवरून बोट फिरवून बरोबर गोळी घ्यायची.

कोठीची किल्ली मात्र कंपाउंडरकडे. तो नवखा आला तेव्हा मावशीनेच त्याला खोली बघून दिली, तापाने फणफणला तेव्हा ती त्याच्या उशाशी बसली. तो तिला ताई म्हणायचा, ती त्याला भाऊ. पाठचा भाऊच म्हणा ना.

यंदा फिटच्या गोळ्या सारख्या संपायला लागल्या. "मी तर खोकंभर कातरल्या होत्या रे," मावशी म्हणाली. "मोठ्या दवाखान्याने परत मागवल्या, ताई," भाऊ म्हणाला. तिने मान डोलावली. भावाच्या बोलण्यावर कोण शंका घेतं? ती खिडकीतून प्रत्येकाला सांगायची, संपल्यात, पुढच्या आठवड्यात या. सख्ख्या बहिणीलाही तेच सांगितलं. बहिणीच्या मुलीला फिट यायच्या. पोर चुलीपाशी पडली, हात भाजला, तरी मावशीचं उत्तर तेच. घरी जाऊन रडायची, एवढंच तिच्या हातात होतं.

मग एका दुपारी बहीण पोरीला घेऊन आली आणि तिने खिडकीत एक रिकामी पट्टी टाकली.

"समोरच्या दुकानातून विकत घेतली होती. बघ नीट."

पट्टीचे दोन कोपरे कातरलेले. दातेरी.

"तुझ्या कात्रीचे दात मी आंधळी असते तरी ओळखले असते," बहीण म्हणाली. "भाचीला संपल्यात म्हणून सांगायचं आणि मागच्या दाराने विकायचं, होय गं?"

 मावशी पट्टी घेऊन तडक कोठीत गेली. भाऊ खोकल्याचं औषध बाटलीत ओतत होता. त्याने पट्टी पाहिली, पण थेंब सांडू दिला नाही.

"ओरडू नकोस, ताई. खूण कुणाची आहे त्यावर? माझं नाव दिसतंय का कुठे?" बूच लावून तो पुढे म्हणाला, "आणि खरं सांगू? ती खूण बघूनच लोक डोळे झाकून घेतात. दुकानदार खूश आहे तुझ्यावर."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि तोंडाने ताई, ताई चालूच मेल्याचं!

मावशी खिडकीत परतली. रांगेला ऐकू जाईल असं बोलली, "गोळ्या संपल्याच नव्हत्या. त्या समोर विकल्या जात होत्या. मला माहीत नव्हतं."

 सगळे तिच्या कमरेला लटकणाऱ्या कात्रीकडे बघत राहिले. रांगेतल्या पहिल्या म्हातारीने नुकतीच मिळालेली पट्टी चाचपली, कातरलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि पट्टी खिडकीत परत ठेवली.

"तू तरी ऐक गं," मावशी बहिणीला म्हणाली.

बहिणीने पोरीचा हात धरला आणि ती रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली. गोळ्या तिथेच मिळत होत्या.