विहीणबाईंची धिरडी

बारामतीहून अंथुर्ण्याला जाताना एसटीत माझ्या शेजारी एक मावशी बसल्या होत्या, मांडीवर बटाट्यांची पिशवी घेऊन. त्यांच्या मुलानं आयर्लंडची मुलगी केली होती आणि ती सून प्रथमच घरी येणार होती. तिच्यासाठी मावशी तिकडची बटाट्याची धिरडी शिकत होत्या.

"विहीणबाईंनी फोनवर करून दाखवली. निम्मं बटाटं उकडायचं, निम्मं कच्चंच किसायचं. कीस असा पिळायचा," म्हणत त्यांनी पदराचं टोक घट्ट पिळलं. "मग मैदा, ताक घालून तव्यावर. काल सगळी चिकटली."

"त्यापेक्षा पुरणपोळी करा की," मी म्हटलं.

पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "मी सासरी आले, तवा पोरीला काय आवडतं, हे माझ्या आईला कुणी इचारलं न्हवतं."