चर्चमागचं जैतुनाचं झाड

मराठा पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि १९७६ साली बहारीनला ड्रायव्हर लागलो. ड्युटी एकच. सकाळी साडेसहाला कंपनीचे इटालियन इंजिनिअर मार्को साहेब यांना अदलिया भागातल्या घरून साइटवर सोडायचं. वीस मिनिटं.

दुसऱ्या महायुद्धात मी त्यांच्या मुलुखात लढलोय हे कळल्यावर साहेबांनी मला इटलीचा इतिहास शिकवायचा चंगच बांधला. मोडक्या इंग्लिशमध्ये, रोज थोडा थोडा. शनिवारी रोमन बादशहा. रविवारी उत्तरेच्या टोळ्यांनी रोम लुटलं. मग पोप, फ्रेंच, ऑस्ट्रियन. ज्याला त्याला तुकडा हवा. बुधवारी सगळे तुकडे जोडून एकदाचा देश झाला. मला गोडी लागली होती, खोटं कशाला बोलू.

गुरुवारी मुसोलिनी आला आणि त्याच्या मागोमाग माझी लढाई.

"हवालदार, तू तेव्हा कुठे?"

आमची पलटण होती ते गाव सांगितलं.

"माझ्या घरापासून तासाभरावर," साहेब म्हणाले.

मग मी गाडी कडेला घेतली आणि बायकोलाही न सांगितलेलं सांगून टाकलं.

१९४४ चा हिवाळा. सकाळी नऊला गणपत शेलार मॉर्टरच्या गोळ्याने गेला. माझ्या शेजारच्या गावचा, एकाच दिवशी भरती झालेलो आम्ही. आमच्यात दहन. सुभेदार साहेबांचा हुकूम आला, "लाकूड आण. बाराच्या आत." डोंगरभर बर्फ. सरपण गावाने कधीच जाळून संपवलेलं. चर्चमागच्या घराच्या अंगणात जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, जुनं झाड होतं. मी ते तोडलं. घरची म्हातारी बाहेर आली. ओरडली नाही. बुंध्यावर हात ठेवून बसून राहिली. ओलं लाकूड डिझेल ओतून पेटवलं. गणपतचं नीट झालं, पण त्या बाईची मला आजही लाज वाटते.

साहेब एवढंच म्हणाले, "यल्ला, चल. उशीर होतोय."

त्यानंतर इतिहास बंद. माणूस मनातून उतरला की असंच होतं, मी समजून गेलो. महिन्याने साहेब लीव्हवर इटलीला गेले.

परतल्यावर त्यांनी गाडीत बसताच माझ्या हातात बरणी दिली. मिठाच्या पाण्यातली जैतुनं.

"त्या गावी जाऊन आलो. त्याच झाडाची. जैतून तोडलं तरी बुंध्यातून फुटतं. म्हातारी वारली. सून आहे. ती विचारते, ज्याच्यासाठी झाड तोडलं त्या पोराचं नाव काय होतं?"

साहेबांनी डायरी उघडली, पेन काढलं. मी एकेक अक्षर सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

मग इतिहास पुढे सुरू झाला. राजा गेला, लोकांनी मतं टाकली, मोडलेले पूल पुन्हा बांधले.

दुपारी झिंज भागातल्या माझ्या खोलीवर जेवायला बसलो. पहिलं जैतून गणपतसाठी ताटाबाहेर ठेवलं. मग एक मी खाल्लं.