हाकेवरची किनार

माझ्या हातकामाचा आमच्या घराला धसका आहे. दोऱ्यांचा पोपट केला, तो पाहुण्यांना वांगं वाटला. पायपुसणं विणलं, त्यावरून मांजरसुद्धा उडी मारून जायचं. म्हणून पुण्याच्या लेकीने नव्या सोफ्यासाठी उशी मागितली, तीही आजीच्या करवतकाठी साडीच्या किनारीची नक्षी उतरवून, मॅटीच्या जाड कापडावर लोकरीने भरलेली, तेव्हा आमच्या यजमानांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "सोफा वापस नाही करता येत का तिले?"

माझी माय त्या महिन्यात आमच्या जवाहरनगरच्या क्वार्टरमध्येच होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी महिनाभर बारीक काम बंद केलं होतं. ती दिवस मोजत होती. "डोळा झाला का मले गावी सोडून दे." गाव मोहाडीकडे. बाबा जाऊन आठ वर्षं झाली, तेव्हापासून माय तिथे एकटी. घराची किल्ली पदराच्या गाठीत, ती आंघोळीपुरतीच सुटायची. मी एकुलती. तिला परत एकटीला पाठवायचं की नाही, हे मलाच ठरवायचं होतं. डोळा बरा झाला की पाठवायचं, असं मी ठरवूनही टाकलं होतं.

बाबा कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या साड्या विणायचे. करवतीचा काठ एकट्याने होत नाही. मधल्या कोशाचा, आडवा धागा नेणारा धोटा वेगळा, दोन्ही काठांचे वेगळे. बाबा मागावर बसत, माय पलीकडच्या काठाशी. बाबा दर ओळीचे धागे मोजून हाक देत, "तीन, पाच, सात, नऊ, फिर!" नवावरून तसंच उलट यायचं, की करवतीचा एक दात झाला. ऐकणाऱ्याने मान वर करायची नाही आणि पुन्हा विचारायचं नाही, हा मागावरचा नियम. "इचारलं का हात थांबते, अन् हात थांबला का दात तुटते," माय सांगायची.

नमुन्याला घेतलेली साडी बाबांनी विणलेली शेवटची. मधाच्या रंगाचा कोसा, लालभडक काठ. पदराजवळ वीतभर जागेत मात्र दात वेडेवाकडे, एक उंच, एक बसका. साडी मागावरून उतरली तेव्हा मी बाबांसमोरच हसले होते, "करवतीले कवळी लावा लागते आता!" बाबाही हसले. माय घाईने म्हणाली, "धोटा घसरला त्याइचा." ती साडी विकली नाही, मायकडेच राहिली. त्यानंतर दोन वर्षांत बाबा माझं नावही विसरले.

लेकीच्या जुन्या कॉलेजच्या वहीतले ग्राफचे कागद घेऊन मी नक्षी उतरवायला बसले. साडीचे धागे इतके बारीक की माझ्या डोळ्यांसमोर मुंग्या नाचायला लागल्या.

"पायून नाही होत ते," माय म्हणाली. "कान दे इकडे."

काळा चष्मा लावून ती दिवाणावर टेकून बसली, अगदी सिनेमातल्या खलनायिकेसारखी. हाक द्यायला लागली. तीन, पाच, सात, नऊ, फिर. मी चौकोन रंगवत गेले, त्यावरून मॅटीवर भरत गेले. चार दिवसांत उशीची एक बाजू अशी उतरली की मला माझाच संशय आला. यजमान म्हणाले, "कोनाकडून करून घेतली?"

दुसरी बाजू सुरू केली.

"तीन, पाच, पाच, नऊ, फिर."

मी रंगवलं. दात वाकडा दिसला. मनात म्हटलं, आपणच दोनदा ऐकलं. कुकरच्या तीन शिट्ट्या जिला कधी मोजता आल्या नाहीत, तिने दुसऱ्याची चूक का काढावी? खोडलं. दुसऱ्या दिवशी तोच दात पुन्हा घेतला. "तीन, सात, फिर." पुन्हा खोडलं, कागद भोकाला आला. तिसऱ्या दिवशी ती "तीन, पाच" म्हणाली आणि थांबली. पंख्याचा कटकट आवाज तेवढा येत होता. मग अगदी ठाम आवाजात म्हणाली, "तीन."

माझी पेन्सिल हवेत.

"लिवलं ना?"

"हो माय, लिहिलं."

दुपारी ती झोपल्यावर यजमानांचं भिंग घेऊन मी साडीचा काठ मोजला. पदराजवळची वीत सोडली तर दर दात तीन, पाच, सात, नऊ असाच. भिंग परत ड्रॉवरमध्ये ठेवलं, ड्रॉवर हळू लावला. कोणाला सांगितलं नाही. त्यानंतर ती जे म्हणाली ते मी लिहिलं, आणि जे लिहिलं ते भरलं. सुई मॅटीतून खाली जायची, वर यायची. कधी लागोपाठ पाच दात सरळ यायचे. मग मी स्वतःशी म्हणायचे, बघ, उगाच घाबरलीस. सहावा वाकडा यायचाच.

एका संध्याकाळी यजमानांनी भरलेली बाजू हातात घेतली. "इकडचे दात किडले काय वं?"

"डिझाइन आहे ते."

"आईले दाखव तरी, ते सांगतीन..."

"आईला काही दाखवायचं नाही." माझा आवाज असा निघाला की ते चहा घेऊन व्हरांड्यात गेले.

महिन्याने डॉक्टर म्हणाले, डोळा छान झाला, आता सगळं स्वच्छ दिसेल. मायने टाळी वाजवली. डोळा बरा झाल्याचं ऐकून दचकणारी मुलगी त्या दवाखान्यात मी एकटीच असेन.

निघायच्या सकाळी ऑटो दाराशी उभा होता, भंडाऱ्याच्या स्टँडपर्यंत. मायची पिशवी भरलेली. थांब म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून मी म्हटलं नव्हतं. माझ्या टोपलीत उशी होती, वीतभर भरायची राहिलेली. ती लपवायचं सुचलं नाही, इतकी मी हुशार. मायने नवा चष्मा लावून ती उचलली. पहिल्या बाजूवरून अंगठा फिरवला, मान डोलावली. दुसऱ्या बाजूवर अंगठा चालला आणि थांबला. ओठ हलले. तीन, पाच, पाच. अंगठा मागे आला, पुन्हा पुढे गेला.

बाहेर ऑटोवाल्याने हॉर्न दिला.

माय खाली बसली. पिशवीतून साडी काढली, घड्या मोडत पदराजवळची ती वेडीवाकडी वीत काढली आणि उशीशेजारी मांडली.

"हे तुह्या बाबाचं," ती म्हणाली. "अन् हे माहं."

"माझंच चुकलं माय, मला कुठे मोजता..."

"तुले मोजता नाही येत. आयकता येते." चष्म्यातून ती माझ्याकडे बघत राहिली. "काहून नाही बोलली वं?"

"तू बोलली होती का बाबाले?"

तिने साडीचा काठ हाताने सरळ केला. "नाही. घरात दोघंच होतो. कोनाले सांगतो? ते बोलत गेले, मी इनत गेलो."

मग तिने पदराची गाठ सोडली. कितीतरी वेळ सुटेना, पण मला हात लावू दिला नाही. किल्ली माझ्या टोपलीत, लोकरीच्या गुंड्यांत टाकली आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, "जवाई, आटो वापस धाडा." यजमान एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून काही न विचारता बाहेर गेले.

"इतकंच रायलं ना?" मायने सुई ओवली, पहिल्याच झटक्यात. "आता तू हाक दे. मी भरतो."

मी साडीचा काठ पुढ्यात ओढला.

"तीन," मी म्हटलं. सुई खाली गेली. "पाच. सात."

दाराशी ऑटो सुरू झाला, वळला. त्या आवाजात मला आठवेना, सात म्हणून झालं होतं की व्हायचं होतं.

"सात," मी म्हटलं.

मायने मान वर केली नाही. भरत राहिली.